उपास मोडायला बमरोलीला

लोक सुरतेला खायला जातात. मी गेले ती धाकट्या भावाचा उपास मोडायला, आणि तो उपास त्याला लावून दिला होता मीच.

सुकलाल माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अमळनेरजवळच्या आमच्या गावातून तो अठराव्या वर्षी सुरतेला गेला आणि मागांच्या कारखान्यात चिकटला. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. मधल्या काळात आम्ही एकमेकांच्या घरी गेलो ते लग्नांना आणि मयतांना. त्यामुळे भाचीचा फोन आला तेव्हा कोण गेलं, असंच मी आधी विचारलं.

"फुई, पप्पा चार दिवससे काहीच खात नाहीत," पूजा म्हणाली. तिची भाषा अशीच, आत्याला फुई म्हणणारी आणि एका वाक्यात तीन घरं हिंडून येणारी. "सिर्फ पाणी. नऊ दिवस करणार बोलतात. मम्मीचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. बोलतात, ताईनं सांगितलंय."

"मी? मी काय सांगितलंय?"

"तुमचा तो आवाज नाही का मोबाईलवर, पेशीवाला."

मी खुर्चीत बसले होते ती उठले. सुकलालला दहा-बारा वर्षांपासून साखर आहे. रोज सकाळी गोळी असते. तिचं काय, असं मी विचारलं. पूजा म्हणाली, "नाश्त्याबरोबरची गोळी आहे, फुई. नाश्ताच नाही तर गोळी कशाला घेतील? बंदच असेल." हे उत्तर मी मुकाट्याने मान्य केलं. वर्गात कुणी असं "असेल" म्हटलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत होते.

उधना

संक्रांत चार दिवसांवर आली होती. उधना स्टेशनाबाहेर रस्त्याच्या कडेला खांबाखांबांना पतंगाचा गुलाबी मांजा ताणून वाळत घातलेला. दोन माणसं हातात काचेचा लगदा घेऊन तो दोऱ्याला चोळत पुढे-मागे चालत होती. आमच्याकडे संक्रांत म्हणजे तीळ, गूळ आणि घरातल्या घरात बायकांची वर्दळ. इथे सगळं शहर मान वर करून चालत होतं. रिक्षावाल्याने पुढे वाकडी केलेली लोखंडी तार लावली होती, दोरा गळ्याला लागू नये म्हणून. मी त्याला दोनदा सांगितलं की जरा लवकर चला. तो म्हणाला, "मासी, गाडी उडती नथी." मी गप्प बसले, म्हणजे पाच मिनिटं बसले.

पांडेसऱ्याकडून पुढे कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचा वाफाळ, आंबूस वास सुरू झाला. मांडीवर माझी पिशवी होती. तिच्यात दोन साड्या, रक्तदाबाची गोळी आणि एक किलो कंदी पेढे. होय, पेढे. साताऱ्याहून कुणाकडे जायचं तर पेढे घ्यायचे, एवढं माझ्या हाताला ठाऊक आहे. डोक्याला विचारायला तो थांबलाच नाही. साखर असलेल्या आणि पाण्यावर राहिलेल्या माणसाकडे मी पेढे घेऊन चालले होते, हे मला बमरोलीच्या वळणावर कळलं. मी डबा साड्यांच्या खाली ढकलला.

बमरोली

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पुढे अरुंद गॅलरी, खाली मागांच्या शेडची पत्र्याची छपरं. दिवसरात्र एक खटखट येत असते. घरच्यांना ती ऐकू येत नाही आणि पाहुण्याला तिच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

सुकलाल पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. शर्ट अंगात सैल झालेला, गाल आत गेलेले, पण डोळे हसत होते.

"उनी का, ताई? बठ."

मी बसले नाही. मी त्याचा हात धरला. हात गार होता आणि ओला होता.

"घाम का आलाय तुला? थंडी आहे बाहेर."

"कचरा जळून ऱ्हायना," तो म्हणाला, आणि मग माझ्यासाठी नीट मराठीत, "आतला कचरा जळतोय, ताई. तूच सांगितलं ना. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवसापासून सकाळी हात थरथरतात, घाम येतो. म्हणजे काम चालू झालं."

त्याची बायको कमल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुम्हीच सांगा त्यासले," ती म्हणाली. "मनं ऐकतस नही."

मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, अर्धा तास. वर्गात सांगायचे तसंच. प्रत्येक पेशीत जुना, वाकलेला, खराब झालेला माल साठतो. पेशी त्याच्याभोवती एक दुपदरी पडदा विणते आणि पिशवी करते. ती पिशवी दुसऱ्या एका पिशवीला जाऊन मिळते, तिच्यात आम्ल आणि विरघळवणारी द्रव्यं असतात. तिथे सगळं सुटं होतं आणि त्याच सुट्या मालातून पेशी नवं घडवते. हे काम तुझ्या-माझ्या अंगात आत्ता चाललं आहे, जेवल्यावरही चालतं, झोपेतही चालतं. उपाशी राहिलं की वाढतं, पण ते मुख्यतः यीस्टमध्ये आणि उंदरांत नीट पाहिलेलं आहे. माणसाने किती दिवस उपाशी राहावं आणि त्याने काय बरं होतं, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. साखर असलेल्याने तर असलं काही मनाने करूच नये.

सुकलाल ऐकत होता. मग त्याने उशाखालून मोबाईल काढला.

"पण यात तू तसं नाही बोललीस," तो म्हणाला. "यात तुझा आवाज कसा चांगला आहे."



त्याला नऊ दिवस का करायचे होते, ते त्याने मला संध्याकाळी गॅलरीत सांगितलं. कारखान्यात सगळे त्याला मास्टर म्हणतात. माग बिघडला की मास्टर. एवढ्या वर्षांत त्याने डोळे मिटून बोटांनी माग ओळखले: कुठला खिळा ढिला आहे, कुठला दोरा जास्त ताणला आहे. आता बोटांना मुंग्या येतात. मागल्या महिन्यात हातातून एक बारीक स्प्रिंग पडली आणि त्याला पडलेली कळलीसुद्धा नाही. शेठ काही बोलला नाही. पण त्याने ते पाहिलं. नऊ दिवसांत पेशी नव्या होतील आणि मुंग्या जातील, असा सुकलालचा हिशोब होता.

"बोटं गेली की मी कोण, ताई?" तो म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला कमलने पाहुणी आली म्हणून वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. वर्षानुवर्षं न घेतलेला तो वास आला आणि माझं पोट माझ्याविरुद्ध उठलं. सुकलाल समोर बसून मला आग्रह करत होता. "खाय ना. ठेचा घे." साताऱ्यात आमच्या घरी उपास म्हणजे साबुदाणा भिजवणं, वरई, दाण्याची आमटी, त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायला एरवीपेक्षा उशीर होतो. इथे माझा भाऊ ग्लासभर पाणी पीत होता आणि माझ्या ताटात भाकरी वाढत होता. मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटत होती आणि हात थांबत नव्हता.

साखर तपासायला चल, असं मी तीनदा म्हटलं. त्याचं एकच, "नवव्या दिवशी तपासू. तेव्हा फरक दिसेल."

पर्वत पाटिया

दुसऱ्या दिवशी सुकलाल कारखान्यात गेला. उपाशीपोटी कामाला जातो हेच मला सहन होईना. घरात बसून मी गॅलरी तीनदा झाडली. शेवटी कमल म्हणाली, "ताई, तुम्ही पूजासंगे जा," आणि मी गेले.

पूजा पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका दुकानाच्या गोदामात काम करते. वाटेत तिने मला लोचो खायला घातला. बेसनाचा वाफवलेला मऊ लगदा, वर तेल, शेव, कांदा, लिंबू. सकाळी साडेआठ वाजता माणसं रस्त्यात उभी राहून पानाच्या द्रोणातून तो चाटूनपुसून खात होती. आमच्याकडे त्या वेळी रस्त्यावर उभं राहून खाणारा माणूस म्हणजे एकतर परगावचा किंवा बायको माहेरी गेलेला. लोचो फार चांगला होता. मी तो अर्धा टाकला, कारण घास गिळताना पुन्हापुन्हा सुकलालचा ओला हात आठवत होता.

गोदामात एका कोपऱ्यात पाच-सहा बायका चिंध्यांच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. नुसत्या बोटांनी चाचपून त्या चिंध्या वेगवेगळ्या करत होत्या: या पायपुसण्यांना, या गोधड्यांना, या पुन्हा धागा काढायला. एक चिंधी वाया जात नव्हती. एरवी मी तिथे तासभर उभी राहिले असते आणि घरी येऊन वहीत लिहिलं असतं. त्या दिवशी मी पूजाला म्हटलं, "तो माझा आवाज लाव बघू."

तिने लावला. मिनिटभरसुद्धा नाही. साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर मी व्याख्यान दिलं होतं, त्यातला तुकडा. माझाच आवाज, खणखणीत: "पेशीला बाहेरून मिळेनासं झालं की ती रडत बसत नाही. ती घरातलाच मोडका माल काढते, पिशवीत भरते, विरघळवते आणि त्यातूनच स्वतःला नवं करते. उपवासात शरीर स्वतःचा वैद्य होतं!" मग टाळ्या. मग संपलं.

"किसीने काट के भेजा होगा, फुई," पूजा म्हणाली. "लोक असंच करतात. तुमची काय चूक?"

मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि दुसरीकडे बघितलं.

तो कुणीतरी कापलेला नव्हता. तो मीच कापला होता. त्या टाळ्यांनंतर मी पुढे "पण" म्हणून सुरुवात केली होती, आणि तेवढ्यात माझा चष्मा खाली पडला, कागद विस्कटले, एका आजोबांनी मध्येच प्रश्न विचारला. मग मी "म्हणजे… ते… असं आहे की…" करत साखरेचं, गोळ्यांचं, उंदरांचं सगळं सांगितलं. सांगितलं, पण अडखळत. घरी येऊन ऐकलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. मोबाईलवर आवाज कापायचा कसा हे मी नुकतंच शिकले होते. चांगला भाग ठेवला, उरलेला काढून टाकला आणि नातेवाइकांच्या गटावर पाठवून दिला. अंगठे आले, फुलं आली. सुकलालने लिहिलं होतं, "आमची ताई." तेव्हा मला किती बरं वाटलं होतं.

आता तिथे चिंध्यांच्या ढिगाशी उभी राहून मला स्वतःची किळस आली. मी पूजाला घरी चल म्हटलं. ती म्हणाली, सुट्टी पाचला. मग पाचपर्यंत मी त्या बाजारात नुसती चालत राहिले.

कारखाना

उपासाच्या सातव्या दिवशी सकाळी मी सुकलालबरोबर कारखान्यात गेले. त्याला वाटलं मला माग बघायचे आहेत. मला फक्त त्याला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. आज त्याला खरं सांगायचं असं ठरवून मी निघाले होते, आणि वाटेत दोनदा तोंड उघडून मिटलं होतं.

शेडच्या दारात मी थबकले. चाळीस माग एकदम चालत होते. जमीन हलत होती. कानात बोटं घातली तरी दातांत आवाज येत होता. आणि त्या आवाजात माणसं गप्पा मारत होती! एक इकडे उभा, दुसरा वीस हातांवर, ओठ हलताहेत, हसणं चाललं आहे. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात. आवाज न करता नुसतं तोंडाने नीट बोलायचं, समोरच्याला कळतं. सुकलाल तिथल्या एका ओडिशाच्या कामगाराशी असा बोलला, आणि त्या माणसाने लांबूनच मला नमस्कार केला.

मागच्या बाजूला भिंतीआड आवाज जरा कमी होता. तिथे एक माग बंद पडलेला होता, अर्धा उसवलेला, नुसता सांगाडा.

"ही खोललेली," सुकलाल म्हणाला. "जुनी कंपनी बंद, पार्ट मिळत नाहीत. हिच्यावर चार मशिनी जिवंत आहेत. तुझी पेशी काही वेगळं करत नाही."

मी पहिल्यांदा मनापासून हसले. खरंच वेगळं करत नव्हती.

"पन पेशीले कसं समजस," तो आता आमच्या घरच्या बोलीत आला होता, "कोनता पार्ट खराब शे ते?"

तीस वर्षांत मला हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल. मी सांगितलं, खराब झालेल्या मालावर पेशी एक छोटी खूण चिकटवते. पिशवी विणणारे ती खूण बघून येतात.

त्याने खिशातून खडू काढून दाखवला. तेही तसंच करत. खराब भागावर खडूने फुली मारायची, मगच पाना लावायचा. फुलीशिवाय हात लावायचा नाही, आणि चालू मशीनचा भाग तर कधीच काढायचा नाही, हा त्याचा नियम. एका नव्या माणसाने चालू मागाचा खिळा काढून दुसऱ्याला लावला होता, तर सुकलालने त्याला दिवसभर समोर उभं केलं होतं.

मग तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला.

"आनि ती भुकेली ऱ्हायनी ते? तव्हय फुली देखस का?"

उपाशी पेशी फुली बघते का. मी खोटं बोलू शकले असते. "फारशी नाही," मी म्हटलं. "फार उपाशी असली की हाताला येईल ते घेते. चांगलंसुद्धा."

त्याने हत्यारांची पेटी उघडली. वरच्या खणात तेलाची बुधली, खाली पाने, आणि पान्यांच्या शेजारी गोळ्यांची पट्टी. जवळजवळ संपलेली.

"ही काय आहे?"

"साखरेची गोळी."

"जुनी?"

"जुनी कशाला? रोजची. आज सकाळी आल्याबरोबर घेतली." आणि अभिमानाने, "सात दिनमा एकबी दिन चुकनू नही. बंद मशीनलेबी तेल देनं पडस, ताई."

माग बंद असला तरी गंज चढू नये म्हणून तेल द्यावं लागतं. मास्टर आहे तो. शिस्तीचा माणूस. साखर खाली आणणारी गोळी तो सात दिवस रिकाम्या पोटी घेत होता, इथे, पेटीत ठेवून, म्हणून घरात कुणाला पत्ता नव्हता. ती थरथर, तो घाम, ती सकाळची चक्कर. कचरा वगैरे काही जळत नव्हता. त्याच्या रक्तातली साखर रोज तळाला जात होती, आणि तो मनात म्हणत होता, ताईचं खरं आहे.

"सुकलाल, चल. आत्ता काहीतरी गोड खा. आत्ता."

"दोन दिवस राहिले."

"नाही राहिले. ऐक माझं."

तो वळला आणि चालू मागांच्या मधोमध निघून गेला. चालताना त्याचा एक पाय तिरका पडत होता. मी मागे धावले. दोन मागांच्या बोळात त्याने खांब धरला आणि हळूहळू खाली बसला. तोंड पांढरं पडलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. मी ओडिशाच्या त्या माणसाला खुणेने सांगितलं, चहा, साखर, जास्त साखर, आणि मुठीने तोंडाकडे दाखवलं. त्याला एका क्षणात कळलं. प्लास्टिकच्या पिशवीतला चहा त्याने ग्लासात ओतला आणि मूठभर साखर टाकली.

सुकलालने तोंड फिरवलं. मी ग्लास पुढे केला, त्याने हाताने उडवला. निम्मा माझ्या साडीवर सांडला. रक्तात साखर कमी झाली की माणूस असाच हट्टी होतो, समजत नाही, चिडतो. हे मी शिकवलेलं आहे. शिकवणं वेगळं, आणि आपल्या भावाची नजर आपल्यातून आरपार जाताना बघणं वेगळं. मी ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले. माझा तो व्याख्यानाचा आवाज चाळीस मागांपुढे माझ्या मलाच ऐकू आला नाही.

मग मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि आवाज न करता, ओठांनी, एकेक शब्द सुटा करत बोलले.

"तो तुकडा. मी. कापला."

त्याची नजर माझ्या ओठांवर स्थिरावली. सवयच ती, इतक्या वर्षांची.

"पुढे मी बोलले होते. साखर असेल तर करू नका. गोळी असेल तर मरू शकता. ते मी कापून टाकलं. मी चुकले."

त्याच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. मला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढं कळलं: का?

"नंतर सांगते. पी."

त्याने उरलेला चहा प्यायला. मग आणखी एक ग्लास. पाच मिनिटांनी त्याच्या नजरेत मी पुन्हा दिसायला लागले. मी तिथेच, तेलाच्या जमिनीवर बसले आणि रडले. सगळे बघत होते, बघू देत.

एवढ्याने भागत नसतं. त्या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा खाली येऊ शकते. रिक्षा करून आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्क होते. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "बेन, गोळी चालू ने खावानुं बंध? एवुं कराय?" मी मान खाली घालून उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा शिक्षकासमोर उभी असल्यासारखी. त्यांनी दिवसभर बाटली लावली, दर थोड्या वेळाने साखर तपासली, गोळी बदलली. एकदम भरपेट नाही, थोडं थोडं खायला सुरुवात करायची, असं बजावलं. बोटांच्या मुंग्यांचं वेगळं बघू म्हणाले. बऱ्या होतील असं म्हणाले नाहीत.

दुपारी बाटली संथ ठिबकत होती. मी खाटेभोवती येरझाऱ्या घालत होते.

"ताई, बठ आते," सुकलाल म्हणाला. "का कापं?"

"त्यात मी अडखळत होते. चांगलं वाटत नव्हतं."

मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावला तर बरंच.

"माले तुना अडखळता आवाजबी चालना असता," तो म्हणाला.

कोसाड

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मऊ भात, मग थोडं वरण. संक्रांतीला सगळं बमरोली छपरावर होतं, आकाशात पतंगांची झुंबड, भोंग्यांवर गाणी. सुकलाल गॅलरीत खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे पतंग कापले जाताना बघत होता. माझ्या पिशवीतले पेढे कमलने शोधून काढले होते. एका पेढ्याचा चतकोर तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो दाढेखाली धरला आणि डोळे मिटले.

मग डोळे उघडून म्हणाला, "ताई, मी तो आवाज पुढे पाठवला आहे."

मी उठले. "कुणाला?"

तिघांना. दोघांना तिथल्या तिथे फोन लागला. त्यांनी ऐकलाच नव्हता, अंगठा देऊन मोकळे झाले होते. तिसरा कोसाडचा बागूल, रेल्वेतून निवृत्त झालेला, सुकलालचा जुना मित्र. त्यालाही साखर. त्याचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसने कोसाडला गेलो. तू नको येऊस म्हटलं तर सुकलाल म्हणाला, "पाठवलं मी." बस तापी ओलांडते तेव्हा त्याने बोट दाखवलं. आमच्या घराकडून येणारंच ते पाणी, इथपर्यंत येता येता केवढं रुंद झालेलं. एरवी मी त्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या. तेव्हा मी फक्त किती स्टॉप राहिले ते विचारत होते.

एकसारख्या इमारती, एकसारखे जिने. तिसऱ्या मजल्यावरचं दार बागूलच्या बायकोने उघडलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली जमिनीवर बागूल मांडी घालून बसलेला, आणि समोर शेवभाजीचं भरलेलं ताट.

"अरे! मास्टर!" तो म्हणाला. "बठ, जेवाले बठ."

"उपास?" सुकलालने दारातूनच विचारलं.

"केला ना. एक दिवस. संध्याकायले भूक लागनी, मंग सोडी दिधा. पेशी आपलं आपलं देखी लेई." आणि मोठ्याने हसला. मोबाईल पाण्यात पडला होता, म्हणून बंद.

सुकलालही हसायला लागला. सात दिवस उपाशी राहिलेला माणूस आणि एका संध्याकाळी हरलेला माणूस एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मला वाटलं, संपलं. मी पहिल्यांदा नीट टेकून बसले. बागूलच्या बायकोने शेवभाजी वाढली, मी मागून घेतली. सुकलालने तिच्याकडून थोडा रस्सा घेऊन भातावर ओतला.

"पन ताई," बागूल घास गिळून म्हणाला, "तुमचा आवाज काय भारी! माझ्याच्यानं झालं नाही, पण मी गावाकडे सगळ्यांना पाठवला. नवापूर, साक्री, नंदुरबार. लोकं पुढे पाठवून ऱ्हायनात. भलता आवडना."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी साताऱ्याला परतून आता महिना झाला. सुकलालची बोटं तशीच आहेत. तो आता पूजाच्या वयाच्या दोघा-तिघांना माग शिकवतो, त्यांची बोटं आणि त्याचं डोकं. मी नवा आवाज भरून पाठवला आहे. त्यात "पण" सगळ्यात आधी आहे, आणि अडखळणं जसंच्या तसं ठेवलं आहे. तो कुणी पुढे पाठवत नाही. जुना अजून फिरतो आहे, कुठून कुठे ते मला माहीत नाही.

काल दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. जुना आवाज ऐकलेले लोक बागूलकडून माझा नंबर घेऊन फोन करतात, म्हणून आताशा मी "हॅलो" म्हणत नाही.

"गोळी चालू आहे का?" मी विचारलं.

पलीकडून एका बाईचा दबका आवाज आला.

"तुमाले कसं समजनं?"